पितांबरची डावी बाजू

माणसं कुणाच्या बंगल्यावर जळतात, कुणाच्या पोराच्या नोकरीवर जळतात. पारोळ्याचा पितांबर मात्र अभिमनच्या डोळ्यांवर जळायचा!

दोघंही पारोळा-धुळे काळी-पिवळी चालवणारे, एकाच स्टँडवरचे. तीन वर्षांपूर्वी एकाच शिबिरात दोघांना काचबिंदू निघाला. अभिमन न चुकता डोळ्यांत थेंब टाकत राहिला. पितांबरने दोन महिन्यांत बाटली फेकली. दुखत नाही, खुपत नाही, दवाखान्यातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो, मग थेंब कशाला? पण गेल्या वर्षभरात त्याची गाडी रिकामी धावू लागली. वाटेवरचं कुणी हात करेना. अभिमनची मात्र गच्च भरलेली! लोक फोडले मेल्याने, दुसरं काय?

अशात स्टँडचे प्रमुख जीवरामनाना म्हणाले, डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा, नाहीतर नंबर लागणार नाही. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाकडे दुसरं होतं तरी काय?

दोघं पितांबरच्याच जीपने धुळ्याला गेले. तिथे यंत्रात डोकं घालून नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची, कडेला कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. आधी अभिमन बसला. पडद्याबाहेर पितांबरला बटण ऐकू येत होतं, टिक टिक टिक. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. किती दिसतं याला! स्वतःची पाळी आली तेव्हा पितांबरने काय करावं? दिवा असो नसो, अभिमनच्या तालात बटण दाबत सुटला.

"काका, दिवा नसतानाही दाबलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यंत्राला कळतं ते. तासाभराने पुन्हा करू."

तोंड पाडून तो बाहेर टपरीवर आला. शेजारी अभिमन फुर्र फुर्र चहा पीत होता. आपल्याला साधं विचारलंही नाही! डोळे चांगले म्हणून एवढा माज?

"पितांबरभाऊ, ले ना चहा! कव्हयना धरी उभा शे मी."

पितांबरने मान वळवली. डाव्या हाताला, अगदी खांद्याशी, भरलेला ग्लास होता. चहावर साय धरली होती.

दुसऱ्या वेळी त्याने बटण खरं खरं दाबलं. टिक झालं की कितीतरी वेळ सगळं गप्प. अभिमनला चिठ्ठी मिळाली. पितांबरला बाई म्हणाल्या, "डावीकडचं दिसणं गेलंय काका. गेलेलं परत येत नाही, आता राहिलेलं थेंबांनी सांभाळा. गाडी मात्र बंद."

त्याने किल्ली अभिमनला दिली. स्वतःच्याच गाडीत तो शेजारच्या सीटवर बसला. अभिमनने आरसा आपल्या सोयीने फिरवला, तेव्हा पितांबरला ते बघवेना.

वाटेत फागणे गावाजवळ अभिमनने गाडी थांबवली.

"कशाले थांबना?" पितांबर खेकसला. "कोन्हीच नही शे."

डावीकडून एक म्हातारी टोपलं घेऊन मागे चढली. "आज बरी थांबनी तुमनी गाडी!" ती पितांबरला म्हणाली. "वरीसभर हात करी करी थकनू मी. एकदाबी थांबना नहीत."

पितांबरने मान वळवून डावीकडचा रस्ता पाहिला. अभिमनने त्याच्याकडे न बघता गिअर टाकला.