बादलीत बुडवलेला बॉल

"माळीबुवा, बादली आणा."

बाईसाहेबांनी एवढंच म्हटलं. माळ्याने झाडांची बादली आणून ठेवली. बाईसाहेबांनी रुमालाने धरून बॉल तिच्यात टाकला, आणि तो वर येऊ लागला तसा काठीने खाली दाबून धरला. मी दोन हात लांब उभी होते. माझे तळवे अजून लाल होते. आयुष्यात पहिल्यांदा मी व्हॉलीबॉल मारला होता आणि तो नेटच्या पलीकडे पडला होता.

मी बारा वर्षांची होते. अंबरनाथच्या कारखान्याच्या ऑफिसर क्लबने मे महिन्यात मुलींसाठी व्हॉलीबॉलचा वर्ग काढला होता. शाळेतल्या बाईंनी नोटीस वाचून दाखवली होती. फी नाही. बूट नसले तरी चालेल. नवशिक्या मुलींनी जरूर यावं. आमच्याकडे बूट नव्हते, फीला पैसे नव्हते आणि माझ्याइतकी नवशिकी दुसरी कोण असणार? नोटीस माझ्यासाठीच लिहिली असं मला वाटलं. पालेगावहून मी पहाटे चालत निघाले. रांगेत चौथी उभी राहिले. बॉल आला, मारला.

मग वर्ग घेणाऱ्या बाईसाहेबांनी विचारलं, "कोणाची गं तू?"

मी खरं सांगितलं. "कारखान्याच्या गेटवरच्या चांभाराची."

लाज वाटली नाही मला. उलट वाटलं, आता ओळख पटेल. कारण तो बॉल आठच दिवसांपूर्वी बाबांनी शिवला होता. मी शेजारी बसून दोऱ्याला मेण लावून दिलं होतं. त्याची एकेक शिवण मला पाठ होती.

बॉल फाटला की चांभाराचा हात चालायचा. शिवून झाला की क्लबचा शिपाई दोन थेंब पाणी शिंपडायचा आणि घेऊन जायचा. दोनच थेंब, कारण बाबांनीच सांगून ठेवलं होतं, "जास्त पाणी नका लावू साहेब, चामडं खराब होतं." आमच्या विटाळाचं माप बाबांनीच त्यांना काढून दिलं होतं. हे आठवलं की आजही मस्तक फिरतं. बाईसाहेबांचा राग येतो त्याहून जास्त त्या दोन थेंबांचा येतो.

त्या दिवशी मात्र दोन थेंबांवर भागलं नाही. मी जिवंत, उघड्या हातांनी, त्यांच्या लेकींच्या रांगेत उभी होते ना. "तू बाहेर बसून बघ हवं तर," बाईसाहेब म्हणाल्या. अगदी गोड आवाजात. बॉल त्यांनी दगडावर उन्हात वाळत ठेवला. मी बसले नाही. घरी आले.

दोन दिवसांनी शिपाई बाबांकडे आला. बदलापूरकडचा माणूस, वाईट नव्हता. पिशवीतून बॉल काढला. चामडं कडक झालं होतं, तडकलं होतं, दोन ठिकाणी शिवण उसवून आतला ब्लॅडर दिसत होता.

"उद्या सकालला पायजे. पोरींचा खेल बंद हाय."

बाबांनी हात पुढे केला. मी मधेच बॉल घेतला आणि शिपायाच्या पिशवीत परत टाकला.

"हा शिवून मिळणार नाही. ज्यांनी बुडवला त्यांना शिवायला सांगा."

"पोरी, नसता शानपना करू नको," शिपाई म्हणाला.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "आपल्याला रोज याच गेटवर बसायचंय गं," ते हळूच म्हणाले. मी विचारलं, "बाबा, बॉलला काय लागलं होतं माझ्या हाताचं?"  त्यांनी हातातली आरी पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं. शिपाई पिशवी घेऊन गेला.

पुढच्या सोमवारी वॉचमनने बाबांना गेटवरून उठवलं. वीस वर्षांची जागा होती ती. मग ते उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये रस्त्याकडेला बसू लागले, रोज चालत जाऊन. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. आईने लावला, खूप लावला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पोटं तिला भरायची होती. पण मी माफी मागितली नाही.

त्या उन्हाळ्यात मला खेळ कोणी शिकवला नाही. मी बाबांकडून बॉल शिवायला शिकले. तुकडे कापण्यापासून चामड्याची वादी आवळण्यापर्यंत सगळं. खेळ नंतर शिकले, नेटऐवजी दोरी बांधून.

आता पालेगावच्या माळावर मी मुलींना शिकवते. येईल तिला घेते. कोणाची, हे मी विचारत नाही. बॉल माझ्या हातचा आहे आणि मैदानावर बादली आहे ती प्यायच्या पाण्याची. परवा एक बाई गाडीतून मुलीला घेऊन आल्या. इतर मुलींकडे बघून म्हणाल्या, "हिच्यासाठी वेगळा बॉल ठेवता येईल का?"

मी त्यांना गाडीपर्यंत सोडून आले. मुलीला म्हटलं, तुला यायचं असेल तेव्हा चालत ये.