पोच देणाऱ्या फरीदा मॅडम

फरीदा मॅडमना काम सांगितलं की त्या 'हो' म्हणत नसत. नुसतं बघायच्या. सांगणारा अवघडून निघून जायचा. मग केव्हातरी त्याच्या टेबलाशी येऊन म्हणायच्या, "केलं." मी एकदा चिडलो, "अहो, निदान मान तरी हलवा!"

"पाटीलभाऊ, माल उतरायच्या आधी ट्रकवाल्याला सही देता का तुम्ही?"

घाईत मी देत असे. ते त्यांना ठाऊक होतं.

मानकोलीच्या गोडाऊनमध्ये मी माल रवाना करायचो, त्या कॉम्प्युटरचं बघायच्या. आता त्या आपल्या मुलाकडे दुबईला असतात. प्रत्येक ऑर्डर एक संदेश होऊन रांगेत येई. प्रोग्रॅम तो उचलून पत्ता वाचायचा, गाडी ठरवायचा आणि काम झालं की रांगेला पोच द्यायचा. पोच मिळाली की संदेश रांगेतून निघे. नाही मिळाली तर रांग तोच पुन्हा पुढे करी. "रांगेचा कुणावर भरवसा नाही," मॅडम हसायच्या, "आणि नसावाच."

एका सकाळी एक संदेश अडकला. शेलार गावातल्या कुणीतरी घर नंबरच्या जागी 'सरपंचाच्या जुन्या घरामागे' असं लिहिलं होतं. गावात घराला नंबर कोण विचारतो? प्रोग्रॅम तिथे आला की बंद पडायचा, पुन्हा सुरू होऊन तोच संदेश उचलायचा. मागे ऑर्डरी साचल्या. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते.

"खोटी पोच मारा आणि काढून टाका तो," मी म्हणालो. "एकापायी सगळे थांबलेत."

"वाचलात?"

मी वाचला नव्हता. त्यांनी स्क्रीन वळवली. घरी पोटातून डायलिसिस करतात, त्या औषधी पाण्याच्या पिशव्या. खाली लिहिलं होतं, 'आजच हव्यात. शेवटची सकाळी लावली.'

मॅडम त्या दिवशी रजेवर असत्या तर मी तो संदेश पुसला असता, आणि मला कधी कळलंही नसतं. त्या न कळण्याचीच मला अजून भीती वाटते.

त्यांनी तो पोच न देता बाजूला ठेवला, बाकीची रांग चालू केली आणि त्या पिशव्यांचा खोका माझ्या हातात दिला. "चला. सरपंचाचं जुनं घर तुम्हीच शोधा."

विचारत विचारत पोचलो. खोका ओसरीवर ठेवून मी वळलो, "झालं, निघू या."

मॅडम हलल्या नाहीत. घरातल्या सुनेनं खोका फोडला, पिशवीवरचं नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं. "हाय, हीच हाय," म्हणत ती पिशवी घेऊन सासूच्या खाटेकडे गेली.

तेव्हा कुठे मॅडमनी पायरीवर लॅपटॉप उघडला. खाटेवरून आजी बघत होती.

"काय लिवलंस गो पोरी?"

"तुमचं सामान पोचलं, असं कळवलं."

"कोनाला?"

"मशीनला, आजी. सकाळपासून विचारतंय बिचारं."