चेहरा गाळून घेतलेले हात

आमचं दोघांचं शेवटचं साधं काम म्हणजे अंबाडीची भाजी निवडणं. बायको जन्माची बहिरी. बोलायची हातांनी. बोलायचं म्हटलं की हातातली पानं खाली. म्हणून एका जुडीला सकाळ जायची. मी खुणा केल्या की हसायची. म्हणायची, "तुझे हात तोतरे." शेवटची जुडी निवडली त्याच दुपारी छातीत दुखलं तिच्या. संपली.

तेरावं उरकून मी त्या हापिसात गेलो. बहिऱ्यांच्या खुणांचा कोश काढत होते, कॉम्प्युटरच्या सीडीवर. शब्द दाबला की खूण दिसणार. त्यासाठी उन्हाळाभर हिला आमच्या चिक्कडपल्लीहून बोलावून कॅमेऱ्यापुढे उभी केली होती. घरी हिचा एक फोटो आहे, लग्नातला. फोटो गप्प बसतो. मला ती बोलताना बघायची होती.

साहेबाने सीडी लावली. 'ताप' दाबलं. पडद्यावर गोरी पोरगी. हात बघूनच कळलं, कानांनी धडधाकट. खूण हिचीच, पाठ केलेली. आणि पोरगी तापात हसत होती.

"ही कोण?"

"अँकर आहे, काका. खुणा तुमच्या मिसेसच्याच. पण पब्लिकसमोर ठेवायचं तर जरा फ्रेश चेहरा लागतो. जमाना बदलला आता."

"मग हिच्या टेपा द्या."

"त्या पुसून दुसरं शूट केलं."

शेजारचा टायवाला हसला. "आवाज तो था इच नहीं उसमें, चाचा."

अंगाचा जाळ झाला. मी चार बुकं शिकलो नाही, पण एवढं कळतं. हिची बोली पाहिजे, हिचं काळं, देवीच्या वणांचं तोंड नको. हिचे हात उपटून दुसरीच्या खांद्याला लावले. वर मला म्हणतात चहा घ्या.

चहा तसाच ठेवून उठलो. साहेब मागून ओरडला, "उद्या दुसऱ्या भागाचं शूट आहे, काका! यादम्माला आठवण करून द्या!"

यादम्मा हिची मैत्रीण. अंबरपेठची. तीही बहिरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या फाटकात उभा राहिलो. यादम्मा आली, मागे शूटलाच आलेल्या आणखी तिघी बहिऱ्या. सगळं सांगितलं, हातांनी.

यादम्माने विचारलं, "हे इडली तरी देतात. तू काय देणार?"

"काही नाही."

तिने मला खालीवर बघितलं. पदर खोचला आणि माझ्या शेजारी उभी राहिली. बाकीच्याही.

साहेब धावत खाली. "काका, तुम्हाला तर ऐकू येतं! तुमचं काय जातं यात? तोंडाने बोला ना!"

नाही बोललो. हातांनीच सांगितलं: चेहरा आमचा राहील, नाहीतर हातही मिळणार नाहीत.

त्याला कळलं नाही. कळायला पाहिजे असेल तर त्याने शिकावं. मी तोंड उघडणार नाही.