रिकाम्या टोपल्यांचा माल

परदेशात माल पाठवायचा म्हणजे माल थोडा आणि खुलासे फार. खोक्यात काय आहे, कशाचं केलंय, भरतं किती, कुठल्या झाडाचं, त्या झाडाला कीड होती का, आणि नव्हती तर नव्हती असं म्हणणारा कोण. उरणजवळ एका एजंटाच्या कचेरीत असले खुलासे लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आईचे गुडघे गेले म्हणून नोकरी सोडून जव्हारला परत आले तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची. कसली सुटतेय! हिला बोटीचे कागद करता येतात ही बातमी माझ्याआधी घाट चढून आली होती. महिन्याभरातच खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरच्या बायका माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांचा बांबूच्या टोपल्या विणणारा गट होता.

त्यांची पुढारीण एक विधवा बाई. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला ताई म्हणायची आणि पुढे सरळ ‘तू’. इकडे सगळेच सगळ्यांना तू म्हणतात, मग समोर साहेब असो नाहीतर देव. तिच्या टोपल्या एकात एक बसणाऱ्या, आणि सगळ्यात धाकटीला घट्ट झाकण. कुठल्याशा प्रदर्शनात एका परदेशी दुकानदाराने त्या पाहिल्या आणि तो वेडाच झाला. म्हणाला, पहिली खेप नीट पोचवा, पुढे वर्षभर काम देतो.

मावशीला ते वर्षभराचं काम कशासाठी हवं होतं ते तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. आमच्या भागात दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. येतात ते होळीला. भट्टीवर एकटादुकटा माणूस चालत नाही, जोडी लागते, नवरा-बायकोची. मावशीचा मुलगा आणि सून आदल्या वर्षी असेच गेले होते. सून पोटुशी होती. कच्च्या विटांच्या आडोशाला बाळंत झाली. मूल दोन दिवसही जगलं नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, होळीच्या आसपासचे.

“ह्या खेपेला पोर इथंच व्हायचं,” मावशी म्हणाली. “आणि मी तिच्या उशाशी पाहिजे. बाकी तू काय लिहायचं ते लिही.”

मग काय, बसले लिहायला. शाळेच्या पडवीत खोकी मांडली. मी एकेक टोपली उलटी करून झटकत होते आणि बायका माझ्याकडे बघून पदरात हसत होत्या. माझं तोंड आधीच तिखट, त्यात बोटीचं काम म्हणजे चुकीला माफी नाही. माती नको, पान नको, दाणा नको, किडामुंगी नको, हे मी त्यांना इतक्या वेळा बजावलं की एक पोरगी माझी नक्कल करायला लागली. बांबू उकळून, वाळवून घेतलेला. झाडपाला तपासणाऱ्या सरकारी खात्याचा दाखला काढला, त्यासाठी किती खेटे घातले ते माझं मला माहीत. मालाच्या वर्णनात लिहिलं: बांबूच्या टोपल्या, हाताने विणलेल्या, नवीन, न वापरलेल्या, रिकाम्या.

मावशीने ते वाचून दाखवायला लावलं. “टोपलीचे आईबाप कोण, ते नाय लिहीत?”

“विचारलं तर तेही लिहीन. तू आधी ह्या खोक्याचं वजन धर नीट, गप्पा नंतर मार.”

“तू बोटीचं काम करून करून बोटीसारखी भोंगा वाजवायला लागलीस,” ती म्हणाली आणि सगळी पडवी हसली. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्या डोक्यावर बसल्या असत्या.

पाड्यावर फोन लागत नाही. टेम्पोवाला कुठे अडकलाय ते विचारायला मला टेकाडावर जावं लागलं. परत येईपर्यंत बायकांनी खोकी बंद करून चिकटपट्टी मारून ठेवली होती, वर कुंकवाचं बोट ओढलेलं. छान, म्हटलं. कुंकू पुसून टाकायला लावलं, तेवढीच कटकट केली. सून दाराच्या खांबाला टेकून बघत होती. टेम्पो उताराला लागला तेव्हा तिने त्याला हात केला, माहेरवाशिणीला करावा तसा.

दिवाळीनंतर मुकादम आला. मावशीने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, “औंदा आमची जोडी नाय. आमचा माल बोटीत बसलाय.” तो गेल्यावर तिने हे मला जव्हारच्या बाजारात भर गर्दीत साभिनय करून दाखवलं. मुकादमाचं तोंड कसं झालं तेसुद्धा. इतकी खूश मी तिला त्यानंतर कधी बघितली नाही.

माल पोचल्याचा निरोप आला आणि दुसऱ्याच दिवशी दुकानदाराच्या माणसाचा फोन. माल बंदरावर अडवलाय. तपासणीत टोपल्यांमध्ये धान्य सापडलं.

“शक्य नाही,” मी म्हणाले. “मी स्वतः झटकल्यात.”

त्याने फोटो पाठवला. झाकणाची ती धाकटी टोपली, झाकण काढलेलं, आणि तळाशी चिमूटभर नागली. तसाच दुसरा फोटो. तिसरा. मी फोटो मोठा करून पाहिला. सांडून राहिलेली नागली अशी बसत नाही. ही कुणीतरी ठेवली होती.

मिळेल त्या जीपने खोडाळा गाठलं आणि तिथून पायी निघाले. वाटभर नुसती धुमसत होते. मावशी अंगणात कामट्या काढत बसलेली. मी बसलेसुद्धा नाही.

“टोपल्यांत नागली कुणी टाकली?”

“मी टाकली,” ती म्हणाली. सरळ माझ्याकडे बघून. “का? कमी पडली काय?”

मी कपाळावर हात मारून घेतला. मग जो काय माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तो सगळ्या पाड्याने ऐकला. दाणा नको, दाणा नको म्हणून मी घसा फोडला होता की नाही? होता. मग? मावशी आधी गोंधळली, मग तिलाही राग आला.

“तू म्हणालीस दाणा नको. आमाला वाटलं, चुकून ऱ्हायलेला नको. ही चुकून नाय टाकली, मुद्दाम टाकली. नवी टोपली लोकाच्या घरात रिकामी पाठवतात काय? त्याच्या घराला बरं नसतं ते. येवढ्या लांबचा मानूस, आमच्यावर इस्वास टाकून घेतोय, आणि आमी त्याच्या घरी रिकामं भांडं धाडू?”

नवं सूप, नवी टोपली रिकामी द्यायची नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या आईनेही आयुष्यात कधी शेजारणीची वाटी रिकामी परत केली नाही. पण बंदरावर मान बघत नाहीत, बी बघतात. बी म्हणजे परक्या मातीतलं रोप, त्यावरचा रोग, त्यांच्या शेतांना धोका. आणि कागदावर आम्ही लिहून दिलं होतं, रिकाम्या. आता त्यांच्या लेखी आम्ही नुसते गबाळे नव्हतो, खोटारडे होतो.

मी पुढे जे करता येईल ते सगळं केलं. फोनवर भांडले, विनवण्या केल्या, पत्रं लिहिली. नागली काढून टाका, टोपल्या पुन्हा धुरी देऊन शुद्ध करा, म्हटलं. दुकानदार म्हणाला, त्याचा भार मी का सोसू? परत पाठवा म्हटलं, तर त्याचा भार कुणी सोसायचा? उरला एकच मार्ग. माल जाळून टाकायला आमची हरकत नाही, असं पत्र गटाने लिहून द्यायचं. ते पत्रही मीच लिहिलं. इतकी वर्षं माल पाठवायचे कागद केले, जाळायचा पहिल्यांदाच. मावशीने अंगठा उठवण्याआधी विचारलं, “सगळ्याच जाळतील?”

“सगळ्याच.”

“आमच्या चुलीला तरी दिल्या असत्या,” ती म्हणाली आणि अंगठा टेकवला. मला रडू आवरेना. मी चिडले की ओरडते, सगळ्यांना माहीत आहे. रडले ते तिथे पहिल्यांदा, आणि तिनेच मला पाणी आणून दिलं. तिच्या हातून झालेल्या चुकीबद्दल मी तिच्यावर त्यानंतर एकदाही रागावू शकले नाही.

दुकानदाराने पुढे फोन उचलणं बंद केलं. शेतातलं भात-नागली होतं तेवढं संपत आलं आणि मुकादम पुन्हा आला. भट्टीवरची एक जोडी पळून गेली होती, त्याला माणसं हवी होती. पण जोडीच हवी. एकट्या मुलाला तो नेईना.

सुनेने गाठोडं बांधायला घेतलं. मावशीने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि अंगणात जाऊन मुकादमासमोर उभी राहिली.

“जोडीला बाई पाहिजे ना? मी बाईच हाय.”

तो हसला. म्हणाला, म्हातारे, तिथं चिखल तुडवायचाय, टोपल्या विणायच्या नाहीत. ती सरळ जाऊन गाडीत चढून बसली. मुलगा खाली मान घालून तिच्या मागे गेला. मी मध्ये पडले, माझ्याकडे जव्हारला चल, काहीतरी बघू, म्हटलं. ती वरूनच म्हणाली, “तू काय आमच्या घराला जन्माची पुरणार हायस? माझ्या सुनेकडं बघ तेवढं.” तिचं खरं होतं. मी कुठवर पुरणार होते?

सून तिच्या जागी घरात राहिली. शेजारची बाई रात्री सोबतीला येई, मी आठवड्याला एक खेप घाली. पोरगी अबोल होती. मी गेले की सासूची खबर विचारायची, आणि माझ्याकडे खबर नसायची. मुलाचा फोन कधी लागे, बहुतेकदा बंद. लागला तर “बरं हाय” एवढंच.

होळीच्या आधी तिला खोडाळ्याच्या दवाखान्यात नेलं. मी उशाशी बसले होते. कळा देताना ती माझा हात धरून मावशीला हाका मारत होती. मुलगी झाली, धडधाकट, आल्या आल्या सगळा दवाखाना डोक्यावर घेतला तिने. मी बाहेर येऊन फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशी लावला. शेवटी मुकादमाला लावला आणि म्हटलं, मावशीला सांगा, नात झाली. तो “बरं बरं” म्हणाला आणि फोन ठेवला.

होळीला गाड्या परत आल्या. सून बाळाला घेऊन वाटेवर येऊन थांबली होती, मीही होते. मुलगा आधी उतरला आणि त्याने मावशीला दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं. इतकी ती काही म्हातारी नव्हती. तिचा उजवा हात पदराखाली होता.

“इथंच झालं ना?” तिने आधी हेच विचारलं.

“इथंच,” सून म्हणाली.

मग तिने पदर बाजूला केला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, आणि ते जिथे संपत होतं तिथे बोटं असायला हवी होती. सुनेच्या तोंडून किंकाळी फुटली. मुलगा खाली बघत म्हणाला, माती मळायच्या यंत्रात गेली. महिना झाला. फडकं मुकादमानेच बांधलं होतं.

माझं डोकं फिरलं. मुकादम गाडीपाशीच होता. मी त्याची गचांडी धरायचीच बाकी ठेवली. तक्रार करते, लिहून देते, भट्टीवाल्याला कोर्टात खेचते, काय वाट्टेल ते बोलले. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“कुणाची तक्रार करणार, म्याडम? आमच्याकडे जोडीत नवरा-बायकोचं नाव हाय. मुलगा आणि त्याची बायको. ही म्हातारी तिथं नव्हतीच.”

गाडी निघून गेली. चार आण्याच्या टोपलीचा मी झाडापासून पत्ता लिहून दिला होता, आणि ह्या बाईचा कुठे एक शब्द नव्हता.

मावशी रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. सुनेने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, तिने डाव्या हाताने ते जवळ ओढलं आणि त्याचं तोंड नीट न्याहाळलं.

“नव्हतेच म्हणतो काय मी तिथं?” तिने मला विचारलं.

“असं म्हणतो मेला.”

“मंग बरं झालं,” ती म्हणाली. “मंग मी इथंच होते. हिच्या उशाशी. पोरीला मोठेपणी तसंच सांगा.”