मोगऱ्याचं पाणी तोडताना

"सूनबाई, मोगऱ्याला पाणी नको. थंडीत पाणी तोडायचं, पानं झडली की मग द्यायचं, तेव्हा तो फुलतो," मी म्हणेपर्यंत विरारच्या गॅलरीतली कोरडी कुंडी भिजली होती. त्या मातीच्या वासाने मी कैक वर्षं मागे, चांदीपच्या आमच्या वाडीत पोचलो.

ही रीत माझ्या बायकोची. त्या थंडीत तिची किडनी बिघडली आणि डॉक्टरने तिचंच पाणी तोडलं. ओठांना भेगा पडलेल्या. ती पेला मागत होती, मी चमचा पुढे केला.

"म्हाताऱ्या, मला सुकवून कसली फुलं काढणार तू?"

मोगरा वेळेवर फुलला. सगळी फुलं तिच्या तिरडीवर गेली.

"बाबा, मग उद्यापासून पाणी बंद करू?" सून विचारते.

"घाल पोटभर. फुलं गेली खड्ड्यात."