कात्री कुठी जात नाई

कुसुमताईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती एका शालीमुळे, आणि तीही कापलेल्या. मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो, त्याच वर्षी माझी पत्नी रत्ना गेली. पुढे एकदा तळेगावला मुलीकडे गेलो असताना तिने मला बळेच तिथल्या शाळेत भरलेल्या ताईंच्या गोधड्यांच्या प्रदर्शनाला नेले. गोधड्या आणि त्याही भिंतीवर टांगलेल्या! एका गोधडीपुढे गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ डोळे विस्फारून उभे होते. सत्कारात त्यांनीच ताईंच्या अंगावर घातलेली शाल त्या गोधडीत संध्याकाळचे आभाळ झाली होती.

“ताई, हे तं आमची शाल!”

“तुमचीच हाये,” ताई शांतपणे म्हणाल्या. “घडी करून पेटीत ठेवली असती, तं आज तुमाले दिसली असती का?”

त्या गृहस्थांना काय वाटले ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र समुद्रपूरच्या माझ्या घरातली रत्नाच्या साड्यांची पेटी आली. पोरे म्हणत होती, बाबा, कोणाला तरी देऊन टाका. ते मला जमत नव्हते, आणि पेटी उघडण्याचाही धीर होत नव्हता.

ताई चित्रकलेच्या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर पिपरी मेघेतल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात त्यांनी गोधडीचा वर्ग सुरू केला. ती शाल डोळ्यांपुढून हलेना, म्हणून मी तिथे पोचलो तेव्हा सगळ्या बायाच होत्या. एकीने विचारले, “भाऊ, कोणाले घ्यायले आले?” मी उत्तर शोधेपर्यंत ताईंनी माझ्या हातात सुई दिली होती.

ताईंची शिकवण्याची रीत न्यारी. टाका वाकडा पडला तर त्या काही बोलत नाहीत, पण गोधडी नुसतीच सुबक असली की त्यांची चौकशी सुरू होते. वर्गातल्या मंदाबाईंनी एकदा सुरेख मोर केला. “मोर कुठी पाह्यला?” ताईंनी विचारले. “कॅलेंडरवर.” “मंग कॅलेंडरच कर नं.” मंदाबाईंनी खरेच कॅलेंडर केले, दूधवाल्याच्या खाड्यांसकट. त्या गोधडीपुढून लोक हलत नव्हते.

माझी पाळी आली तेव्हा मी मन घट्ट करून रत्नाच्या साड्या कापल्या. फक्त लेकीच्या लग्नात तिने नेसलेली हिरवी तेवढी बाजूला ठेवली. एकसारखे चौकोन, सरळ रांगा. काम बघून मीच खूश झालो. ताईंनी ते पाहिले आणि त्या म्हणाल्या, “भाऊ, हे तं गाडीतले सीट झाले. अन् यात तुम्ही कुठी हाये?”

“मी काऊन? हे रत्नाचं हाये.”

“मंग तिच्याच साड्या काऊन कापून राह्यले? पहिले आपलं काप, मंग तिचं.”

‘कापा’ नाही, ‘काप’. थोरल्या बहिणीने म्हणावे तसे. घरी येऊन मी माझा कंडक्टरचा खाकी शर्ट काढला आणि त्याला कात्री लावली. साड्यांचे चौकोन उसवले आणि मधून खाकी रस्ता काढला. तो समुद्रपूरहून निघतो, सगळ्या साड्यांतून फिरतो आणि रत्नाच्या निळ्या पातळाच्या दाराशी परत येतो. आयुष्यभर मी तेच तर केले होते, पण ते मला सुई हातात धरल्यावर दिसले.

हिरव्या साडीला कात्री लावायला मात्र हात धजावेना. वर्गात मी ती कित्येकदा नेली, उलगडली आणि तशीच घडी करून परत आणली. एकदा तर सगळ्यांदेखत रडलो. ताईंनी बायांना चहाच्या निमित्ताने आत पाठवले, स्वतः माझ्याजवळ बसून राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, “राहू द्या. कात्री कुठी जात नाई.” सत्काराची शाल दुसऱ्या दिवशीच कापणाऱ्या ताईंनी माझ्या साडीची कधीच घाई केली नाही. हे त्यांचे मोठेपण मला त्यांच्या सगळ्या कलेहून मोठे वाटते.

यंदा ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरव समितीत शालीचा विषय निघाला तेव्हा मी हसलो. आपली शाल टिकायची नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. मग ठरले, आजवर ताईंनी भिंतीच्या गोधड्या केल्या, आता त्यांना पांघरायची एक करू. ज्याने-त्याने आपला तुकडा आणायचा. त्या संध्याकाळी मी पेटी उघडली. हिरवी साडी काढली आणि कात्री चालवली.

ताई, हिरवा तुकडा खांद्याशी येईल असा लावला आहे आणि त्याला लागून माझा खाकी. ही गोधडी भिंतीवर लावू नका. रोज पांघरा, धुवा, पुन्हा पांघरा. ती विरेपर्यंत तुम्ही ठणठणीत राहा, आणि विरली की ठिगळ लावायलाही तुम्हीच बसा. सुई ओवून द्यायला मी आहे.