गोदामात राहिलेली लुगडी

चंदाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात गॅलरीत कपडे वाळत घालत होते. फोन त्यांच्या पुतण्याचा, सुभाषचा. "शालनआत्या, अक्का गेल्या. सकाळी उठवाया गेलो तर..." मिळेल त्या एसटीनं निघाले. नळदुर्गच्या अलीकडं ट्रकांची रांग लागलेली, गाडी सरकेना. मुरुमला उतरून गावात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, माणसं वंदना म्हणून परतत होती. माणसं तरी किती... आमच्या बुद्धवाड्यातली चार घरं आणि सुभाषचे काही मित्र. गावातलं कुणीच नव्हतं. एके काळी निम्म्या गावाच्या अंगावर ज्या बाईच्या हातची वाकळ होती, तिला पोचवायला गाव आलं नाही. त्याला आता दीड महिना होऊन गेला, पण ते मनातून जात नाही.

आमच्या आणि अक्कांच्या घराची भिंत एकच. त्यांचा नवरा ट्रकवर क्लीनर होता, लग्नानंतर लवकरच हायवेवरच्या अपघातात गेला. मूलबाळ नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्या आणि माझी आई पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायच्या. सुट्टी झाली की बाकीच्या बाया घराकडं पळायच्या आणि अक्का मात्र कामावर पडलेलं काहीबाही गोळा करत बसायच्या. सरकारी मदतीत येणाऱ्या सुकडीच्या रिकाम्या कापडी पिशव्या, मोडक्या छत्रीचं कापड, मुकादमाच्या तंबूचा फाटका कोपरा. बाया हसायच्या. त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ झाला आणि त्याला गुंडाळायला घरात धड फडकं नव्हतं. अक्कांनी त्या सगळ्या चिंध्या धुऊन, जोडून एक लहानशी वाकळ शिवली. मधे छत्रीचं काळं कापड, भोवती पिशव्यांचं पांढरं, त्यावर अर्धवट पुसलेली इंग्रजी अक्षरं. आई म्हणाली, "अक्का, आता तुमाला काय देऊ म्या?" त्या म्हणाल्या, "द्याची गोष्ट काय करती? पोराला गुंडाळ आदी."

मग ते चालूच राहिलं. कामाच्या शोधात कुणी पुण्या-मुंबईला निघालं की अक्का त्याच्या गाठोड्यात एक वाकळ कोंबायच्या. मापं नाहीत, नमुना नाही, जे हाताला लागेल ते. एका वाकळेत शाळेच्या खाकी चड्ड्या होत्या, एकीत कुणाच्या तरी फेट्याचा पिवळा तुकडा. कुणी पैशाचं नाव काढलं तर त्या रागवायच्या. "वाकळ इकायची आसती व्हय? अंगावर घ्यायची आसती."

दुष्काळ सरला. तलावावर सोबत राबलेल्या गावातल्या बायका अक्कांना विसरल्या नाहीत. पाटलांच्या आळीतल्या गंगाबाई एक दिवस आमच्या वाड्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या, हातात मेलेल्या सासूचं लुगडं. "चंदे, ह्याची वाकळ करून देतीस का? म्हातारीच्या अंगाचा वास हाय त्याला." त्याआधी आमच्या वाड्यात शिवलेली वस्तू गावातल्या खाटेवर गेली नव्हती. अक्कांनी ते लुगडं वर घेतलं, खाली आपली जुनी धडुती भरली, आणि त्याचाच काठ चारी बाजूंनी फिरवला. गंगाबाईंनी ती वाकळ उराशी धरली नि रडल्या. त्यानंतर बायका येतच राहिल्या. आईचं लुगडं, वडलांचं धोतर, मेलेल्या लेकीचं परकर-पोलकं... माणूस गेलं की त्याचं एखादं कापड अक्कांकडं यायचं. अक्का प्रत्येक गाठोड्याला हात लावून विचारायच्या, "कसं होतं माणूस?" आणि बाई सांगत बसायची.

ऐंशीच्या आगेमागे आमच्याकडं सोसायट्यांचं पीक आलं. दुधाची सोसायटी, तेलाची सोसायटी, सूतगिरणीच्या गप्पा. गावच्या एका पुढाऱ्यानं बायकांची शिवणकामाची सहकारी संस्था काढली आणि मुरुमच्या रस्त्याला पत्र्याचं गोदाम बांधलं. तो स्वतः अक्कांकडं आला. अक्का म्हणाल्या, "म्या इकायला शिवत न्हाय." तो म्हणाला, "तुमची द्यायची वाकळ तिथं बसून शिवा की. पोरींना तेवढं शिकवा. तुमचं घर गळतंय, लोकांची कापडं भिजत्यात." ते खरंच होतं. त्या पावसाळ्यात त्यांच्या घराचं आढं खचलं होतं आणि गाठोडी त्या माझ्या आईच्या खाटेखाली ठेवत होत्या. अक्का तयार झाल्या. बैलगाडीत घालून सगळी गाठोडी गोदामात नेली. त्याच थंडीत माझी आई गेली, तेव्हा तिचं अंजिरी लुगडं मीच गोदामात अक्कांना नेऊन दिलं. त्यांनी ते गालाला लावलं आणि काहीच विचारलं नाही. आई कशी होती हे त्यांना मी काय सांगणार होते?

लुगड्यात सुई जायच्या आतच संस्थेत फाटाफूट झाली. चेअरमन आणि सेक्रेटरी एकमेकांवर कोर्टात गेले. एका सकाळी अक्का गोदामाशी गेल्या तर दाराला कुलूप आणि त्यावर लाखेचं सील. त्या उमरग्याला गेल्या, कचेरीत गेल्या, साहेबाच्या जीपपुढं उभ्या राहिल्या. एकदा मीही सोबत होते. अक्का म्हणाल्या, "साहेब, आत मेलेल्या माणसांची कापडं हायत. तेवढी काढून द्या, बाकीचं तुमचं तुमी बघा." साहेब वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, प्रकरण कोर्टात आहे. मला हात लावता येत नाही." अक्का परत येऊन गोदामाच्या दाराशी बसल्या. मग वर्षानुवर्षं, वेळ मिळेल तेव्हा त्या तिथं जाऊन बसायच्या. एका वादळात वरचे पत्रे उडाले आणि आत पाऊस पडताना त्यांनी बाहेरून ऐकला. येऊन मला म्हणाल्या, "शालू, आत पानी वाजतंय गं."

सील निघालं तेव्हा लग्न होऊन माझी दोन्ही मुलं झालेली होती; त्या दिवशी मी माहेरीच होते. दार उघडून अक्का आत गेल्या. गाठोडी जिथं ठेवली तिथंच होती, ओळीनं, जशीच्या तशी. अक्कांनी पहिल्या गाठोड्याला हात लावला आणि ते खाली बसलं. आत कापड नव्हतंच, वाळवीची माती होती. दुसरं तसंच. तिसरं तसंच. कुठल्या गाठोड्यात आई होती, हे मलाही ओळखता आलं नाही.

अक्का घरोघरी सांगायला गेल्या. मी "नका जाऊ" म्हणाले, तरी गेल्या. कुणी ऐकून घेतलं, कुणी दार लोटलं. एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "त्यांच्या वाड्यात द्यायलाच नको होतं." ह्या बाईनं तलावावर अक्कांच्या ताटलीतून सुकडी खाल्लेली. गंगाबाईंनी तर पुन्हा कधी अक्कांशी बोलणंच ठेवलं नाही. मग अक्का मुरुमच्या शिंप्यांकडून कापडाच्या चिंध्या आणू लागल्या आणि ज्यांची कापडं गेली त्यांच्यासाठी एकेक वाकळ शिवू लागल्या. नेऊन द्यायच्या. लोक "ठेवा तिथं" म्हणायचे. एके दिवशी त्यांना आपली एक वाकळ एका गोठ्यात दिसली, म्हशीच्या पाठीवर टाकलेली. त्या तिथं उभ्या राहून बघत होत्या म्हणे, बराच वेळ.

माझ्यासाठी शिवायला घेतलेली ती शेवटची. कुठून तरी त्यांनी अंजिरी कापड मिळवलं होतं. मी माहेरी गेले होते, शेजारी बसून बघत होते. काठ लावता लावता त्या थांबल्या.

"हे त्ये न्हाय."

"असू द्या अक्का. मला चालतंय."

"तुला चालंल गं. पर हे त्ये न्हाय."

आणि त्यांनी टाके उसवायला घेतले. भराभरा नाही, एकेक करून, दोरा वाया जाऊ नये असे. मी हात धरला तर हळूच सोडवून घेतला. त्यानंतर अक्कांनी सुई हातात धरली नाही. लोक पुढं जन्मले, मेले, गाव सोडून गेले, त्यांच्या गाठोड्यात काही गेलं नाही. उरलेली सगळी वर्षं त्या ओट्यावर बसून राहिल्या. मी जायची, चहा करायची, बोलायची. त्या "व्हय... व्हय..." म्हणायच्या. त्यांना पुन्हा उभं करावं असं मला फार वाटे. जमलं नाही. कुणालाच जमलं नसतं.

अक्का गेल्या त्या दिवशी सुभाषची बायको अक्कांच्या कपड्यांचं बोचकं बांधत होती, नदीकडं नेऊन टाकायला. मी त्यातलं एक लुगडं मागून घेतलं, फिकट हिरवं, कडेला विरलेलं. सोलापुरात चार ठिकाणी विचारलं. एक दुकानदार म्हणाला, "आत फोम घालून मशीन मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा." मी लुगडं घेऊन परत आले. मला टाका घालता येत नाही, अक्कांनी शिकवलेल्या पोरी कुठं आहेत ठाऊक नाही. सध्या थंडी आहे. दुपारी आडवी होते तेव्हा ते लुगडं नुसतंच अंगावर ओढून घेते. एकेरी, जुनं सुती कापड ते... त्यानं काही थंडी जात नाही.